शिकारी पक्ष्यासोबत १४ वर्षं, आणि आता बुशक्राफ्ट

रानशीळ:

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत हा धागा बरेच दिवस मागे पडला होता. जरा मोठं झालंय, सवडीने वाचा.

गेली १४ वर्षं मी शिकारी पक्षी उडवतोय. सुरुवात केस्ट्रेलपासून केली आणि आता ९ वर्षं एक नर हॅरिस हॉक (ससाण्यासारखा एक शिकारी पक्षी) आहे. बंदिवासात जन्मलेला, आईबापांनीच भरवून वाढवलेला. त्याचं उडायचं वजन, म्हणजे ज्या वजनाला तो हातावर परत येण्याइतका भुकेला असतो ते, ६१० ते ६२० ग्रॅम. रोज सकाळी तो तराजूवर चढतो, आकडा वहीत जातो आणि त्या आकड्यावर माझा दिवस ठरतो. ज्यांनी कधी पक्षी ठेवला नाही त्यांना अंदाज यावा म्हणून सांगतो, उडवायच्या हंगामात मी सलग दोन रात्री घराबाहेर काढल्याचं मला आठवत नाही.

गेल्या हिवाळ्यात मात्र एक रात्र काढावी लागली. उन्हं उतरताना तो एका सशामागे धार ओलांडून पलीकडच्या दरीत उतरला. टेलिमेट्रीवर, म्हणजे त्याच्या अंगावरच्या रेडिओ ट्रान्समीटरचा, सिग्नल मिळत होता, पण दरीत तो खडकांवरून उलटून येतो, त्यामुळे दोनदा चुकीच्या बाजूला धावलो. शेवटी धारेवर चढून अँटेना फिरवली तेव्हा खरी दिशा कळली. झाडाखाली पोचलो तर पूर्ण अंधार. वरून त्याच्या पायातल्या घुंगरांचा आवाज येत होता, म्हणजे स्वारी वर होती. अंधारात पक्षी खाली येत नाही, त्याला उगाच उठवलं तर कुठेतरी आपटतो. म्हणून जुने बाजदार सांगतात की झाड लक्षात ठेवा, घरी जा आणि फटफटायच्या आत परत या. माझी गाडी दोन तासांच्या चालीवर होती. गेलो असतो तर वेळेत परतलो नसतो. तिथेच बसलो.

जवळ मरत आलेली बॅटरी होती, एक लायटर, आणि जॅकेटच्या मागच्या खिशात पक्ष्याचं खाणं. खाली पडलेल्या काटक्या गोळा करून पेटवायला बसलो, त्या आतून ओल्या होत्या. तासाभरात लायटर संपला. ओल्या मातीवर, खोडाला पाठ लावून, रात्रभर कुडकुडत बसलो.

खरी गोष्ट पुढे आहे. उजाडलं, त्याने पिसं झाडली, तिसऱ्या शिट्टीला सरळ हातमोज्यावर आला. आणि माझ्या उजव्या हाताची बोटं वळेनात. उडवताना पायात बिनचिरेचे जेसेस, म्हणजे टोकाला चीर नसलेले पट्टे, असतात, फांदीत अडकू नयेत म्हणून. पक्षी हातावर आला की ते अँकलेटच्या (पायातल्या कड्याच्या) भोकातून काढायचे, चिरेचे घालायचे, चिरेत स्विवेल (फिरती कडी), स्विवेलमध्ये लीश (बांधायची दोरी). एरवी डोळे मिटून करतो. त्या दिवशी जेसचं टोक भोकासमोर धरून मी नुसता बघत राहिलो. ते आत जाईना. तो शांतपणे खात होता म्हणून निभावलं. खाणं संपलं असतं आणि मागून एखादा कावळा आला असता तर पक्षी माझ्या हातावरून गेला असता, रात्रभर जागून.

त्या सकाळी ठरवलं की रानात रात्र काढायला नीट शिकायचं, म्हणजेच बुशक्राफ्ट, मोजक्या साधनांवर रानात राहण्याची कला. वर्षभर शिकतोय. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. उडवायच्या हंगामात सरावाला वेळ कसा काढावा? मुक्कामी पक्ष्याला सोबत नेणारं कुणी आहे का? आणि माझ्यासारख्याने आधी काय पक्कं करावं?

धुनी:

रानशीळ, बोटांबद्दल लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला. मी पक्षी ठेवत नाही, पण बुशक्राफ्ट बरीच वर्षं करतोय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

तुमची पहिली चूक विस्तवात झालीच नाही, ती बसण्यात झाली. ओली जमीन अंगातली ऊब ओढून घेते, अंगावर कितीही चढवलंत तरी. आधी बूड उचला. बोटभर जाडीच्या फांद्या आडव्या टाका, त्यावर वाळक्या बारीक डहाळ्या, पानं, जे मिळेल ते. दाबल्यावर वीतभर उरला पाहिजे एवढा थर. हे काम उजेड असताना करायचं. विस्तव नंतर.

आणि लाकूड जमिनीवरचं घेऊ नका. उभं वाळलेलं झाड किंवा झाडातच अडकून राहिलेली मेलेली फांदी शोधा. मोडून बघा. कडकन आवाज झाला तर घ्या, वाकली किंवा नुसती चिरफळली तर सोडा. बाहेरून भिजलेली असली तरी मनगटाएवढ्या जाडीचं उभं वाळलेलं लाकूड फोडलं की आतला गाभा कोरडा निघतो. त्या गाभ्याची काठी घ्यायची, सुरीने वरून खाली पातळ ढलप्या काढायच्या, पण तोडायच्या नाहीत, काठीलाच कुरळ्या लटकत ठेवायच्या. अशा चार फेदर स्टिक झाल्या की भर पावसातही विस्तव होतो. पहिल्या महिनाभर माझ्या ढलप्या तुटून पडायच्या. सुरी दाबायची नसते, हात सरळ ठेवून अख्ख्या खांद्याने खाली न्यायची असते. हे कळलं आणि एका दिवसात जमलं.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लायटरवर विसंबू नका. लायटरचं चाक अंगठ्याच्या पेराने फिरवावं लागतं आणि थंडीत आधी तीच पेरं जातात. फेरो रॉड, म्हणजे घासली की ठिणग्या पाडणारी मिश्रधातूची कांडी, मुठीत धरून ओढता येतो, त्याला बारीक बोटांचं काम लागत नाही. १९०३ साली कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी शोधलेला हा मिश्रधातू लायटरच्या चकमकीतही असतो, फक्त तिथे चिमूटभर. भिजला तरी पुसून वापरता येतो. घरी बादलीभर बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवा, बोटं बधिर झाली की पेटवून बघा. वर्षातून एकदा तरी हे करा.

घारी:

मी पक्ष्यांवर उपचार करते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर जरा कडक लिहिणार आहे. पक्ष्याला मुक्कामाला नेऊ नका.

पक्ष्याच्या अंगात फुफ्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात आणि हवा फुफ्फुसातून एकाच दिशेने वाहते. उडण्यासाठी ही रचना अफाट चांगली, पण धुरातलं जे काही असेल तेही तेवढ्याच झपाट्याने आत जातं. तुम्हाला नुसते डोळे चुरचुरतील तिथे पक्षी आजारी पडू शकतो. तळणीला किंवा तव्याला टेफ्लॉन असेल आणि तो जास्त तापला तर त्या वाफेने बंद जागेतला पक्षी काही मिनिटांत मरतो. हे घरातही लक्षात ठेवा. रानात लोखंडी किंवा स्टीलचंच भांडं वापरा.

दुसरी गोष्ट अ‍ॅस्परजिलोसिसची, म्हणजे बुरशीमुळे होणाऱ्या श्वासाच्या आजाराची. धुनी यांनी सांगितलेला पानांचा थर माणसाला उत्तम, पण कुजका पालापाचोळा, दमट गवत आणि लाकडाचा भुसा ही त्या बुरशीची घरं आहेत. गॉसहॉक आणि जर्फाल्कन हे शिकारी पक्षी तर तिला फार लवकर बळी पडतात. आवाज बदलला, उडून आल्यावर धाप लागायला लागली, खाऊनही वजन उतरतंय, असं काही दिसलं तर थांबू नका. लक्षणं ठळक व्हायला लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

तिसरं तुमच्या हॅरिसबद्दल. ही जात मुळात अमेरिका खंडातल्या उष्ण, कोरड्या भागातली. कडाक्याच्या थंडीत जमिनीलगतच्या पर्चवर (पक्ष्याच्या बसायच्या दांडीवर) बांधून ठेवलं तर पंखांच्या टोकांना सूज येते, पुढे टोक काळं पडून गळून जातं. माझ्याकडे असे पक्षी येतात. पंखाचं टोक गेलं की पिसांची मुळं गेली, मग तो पुन्हा नीट उडत नाही. त्यात रात्री बांधलेल्या पक्ष्याला घुबड आणि कोल्ह्याचं भय. मोठं घुबड आवाज न करता येतं, तुम्ही चार हातांवर झोपलेले असलात तरी कळणार नाही.

तुमचा पक्षी झाडावर राहिला तेव्हा तो मोकळा होता, वर होता, वाऱ्याचा आडोसा त्याने स्वतः निवडला होता. बांधलेल्या पक्ष्याला हे काहीच करता येत नाही.

रानशीळ:

घारी, मनापासून आभार. मी खरंच त्याला नेण्याच्या विचारात होतो. उन्हाळ्यात एकदा मागच्या अंगणात टार्पखाली (ताडपत्रीखाली) त्याचा पर्च ठेवून पाहिला होता आणि शेजारी चूल पेटवली होती. वाऱ्याची दिशा बदलली तेव्हा तो दोनदा मान झटकून शिंकला. तेव्हाच कळायला हवं होतं. तो विषय आता बंद.

धुनी, बर्फाच्या पाण्याचा प्रयोग आजच करतो.

पायवाट:

एक शंका. आता जीपीएस ट्रान्समीटर मिळतात, मोबाइलवर झाड दिसतं. मग रात्र काढायची वेळ येतेच कशाला?

रानशीळ:

पायवाट, जीपीएस माझ्याकडेही आहे आणि त्याने खूप सोपं झालंय. पण तो पक्षी कुठे आहे ते सांगतो, तुम्ही पहाटे तिथे असाल की नाही ते त्याच्या हातात नाही. दाट झाडीत, दरीत त्याचा दुवा तुटतो, तेव्हा जुना व्हीएचएफ रेडिओ ट्रान्समीटरच कामाला येतो. शिवाय पक्ष्याने स्वतः सावज मारून पोट भरलं असेल तर तो गळ्याची पिशवी फुगवून एक-दोन दिवस बसून राहतो, तुमच्या हातातलं खाणं त्याला दिसतही नाही. अशा वेळी झाडाखाली थांबण्यावाचून इलाज नाही. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तुमचे हात, डोकं आणि आवाज चालू राहिले पाहिजेत.

पानगळ:

टेलिमेट्री नव्हती तेव्हापासून पक्षी शोधणाऱ्या एका म्हाताऱ्या बाजदाराकडे मी शिकलो. त्याच्या पोतडीतलं थोडं लिहितो, कारण बुशक्राफ्टवाल्यांना हे लगेच समजेल.

हरवलेला पक्षी डोळ्यांनी शोधायचा नाही, आधी कानांनी. उंच जागी बसायचं आणि वीस मिनिटं हलायचं नाही. शिकारी पक्षी कुठेही बसला की रानाला ते सहन होत नाही. कावळ्यांचा कालवा एकाच जागी टिकून राहिला तर तिथे जा. कालवा सरकत असेल तर पक्षी उडतोय. कावळे नसतील तर बारके पक्षी ऐका, एकाच झुडपाभोवती तोच तोच टोचरा आवाज चालू असतो. आणि सगळीकडे किलबिल असताना एखादाच कोपरा मुका असेल तर तोही बघा.

मग जमीन. हॉकची शीट मागे लांब फेकली जाते, पांढरा फराटा पडतो. फाल्कनची सरळ खाली पडते, दगडाखाली ठिपक्यांसारखी. फराटा ओला असेल तर पक्षी आत्ताच इथे होता आणि फराट्याचं जाड टोक कुठे आहे त्यावरून तो कुठल्या फांदीवर, कुठे तोंड करून बसला होता ते कळतं. सकाळी झाडाखाली कास्टिंगची गोळी सापडली, म्हणजे न पचलेली पिसं आणि केस, तर रात्र त्याने तिथेच काढली. गोळी टाकल्याशिवाय त्याला भूक लागत नाही, म्हणून गोळी सापडली की मी शिट्टी काढतो.

घुंगरांचंही सांगतो. दोन्ही पायांत एकाच सुराची घुंगरं बांधू नका. लाहोरी घुंगरांची जुनी जोडी असायची, त्यातलं एक किंचित चढ्या सुराचं. दोन सूर एकमेकांवर घासतात आणि आवाज लांबवर कापत जातो.

धुनी:

पानगळ, हे मी वहीत उतरवून घेतलंय. मुक्या कोपऱ्याची खूण आम्ही बिबट्यासारख्या जनावरांसाठी वापरतो, पक्ष्यासाठी कधी सुचलं नव्हतं.

नवखा_पंख:

मी दोन वर्षं बुशक्राफ्ट करतोय. हा धागा वाचून शिकारी पक्षी पाळावासा वाटतोय. दोन्ही एकत्र चालू करू का?

रानशीळ:

नको. कळकळीने सांगतो. सुरी महिनाभर म्यानात राहिली तर फार तर गंजेल. पक्ष्याला एक दिवस विसरता येत नाही आणि हॅरिस बंदिवासात २० वर्षांहून जास्त जगू शकतो. आधी तुमच्या देशाचा कायदा बघा. जिथे परवानगी नाही तिथे हा विचार सोडायचा आणि रानातला पक्षी पकडण्याचं तर नावही काढायचं नाही. परवानगी असेल तर एखाद्या अनुभवी बाजदारासोबत अख्खा एक हंगाम नुसता चाला. झुडपं झोडपा, त्याची पिशवी उचला, त्याच्या पक्ष्याची खोली घासा. पावसात, चिखलात, काहीच हाती न लागलेल्या दहा दिवसांनंतरही जावंसं वाटलं तर पुढचं बघू. तोवर पानगळ यांनी लिहिलं ते रानात जाऊन करा. त्याला परवाना लागत नाही.

सैलगाठ:

गाठींवर कुणीच बोललं नाही म्हणून मी. बाजदाराची गाठ एका हाताने मारता येते, कारण दुसऱ्या हातावर पक्षी असतो. टार्पची दोरी झाडाला बांधायलाही तीच वापरून बघा. ओढली की सुटते, सुटू नये म्हणून शेवटचं टोक फाशातून ओवून ठेवायचं. अंधारात, एका हातात बॅटरी धरून बांधता येणारी याहून सोपी गाठ मला माहीत नाही.

एक विनंतीही आहे. पॅराकॉर्डचे (पॅराशूटच्या बारीक दोरीचे), नायलॉनचे तुकडे रानात टाकू नका. एका मोकळ्या पक्ष्याच्या पायाला असा धागा गुंडाळलेला मी पाहिलाय, बोट काळं पडलं होतं. काथ्याची किंवा सालीची दोरी वळायला शिका, ती कुजून जाते.

घारी:

सैलगाठ यांना शंभर टक्के अनुमोदन. आणि त्याच ओघात, शिशाच्या छर्‍यांनी मारलेलं सावज पक्ष्याला कधीही भरवू नका. शिशाचा बारीक कणही पुरतो.

पानगळ:

वेळेचा प्रश्न तसाच राहिला की. रानशीळ, तुमचं उत्तर पक्षीच देतोय. पिसं गळायला लागली की त्याला उडवायचं थांबवता ना? वसंतापासून पुढचे कित्येक महिने त्याला भरपूर खायला घालायचं आणि शांत बसू द्यायचं. तेच महिने तुमचे. तुम्ही रानात असाल त्या रात्री त्याला खायला घालणारं माणूस मात्र त्याच्या ओळखीचं हवं. नवीन पीस वाढत असताना उपास किंवा भीती झाली तर त्या पिसावर आडवी कमजोर रेघ पडते आणि हंगामात ते तिथेच मोडतं.

गळलेली पिसं फेकू नका, क्रमाने लावून ठेवा. पुढे पीस मोडलं तर त्याच जागचं जुनं पीस जोडता येतं. जोडायला आत सुई लागते. हल्ली कार्बन फायबरची वापरतात, पण बांबूची घरी करता येते. ज्या सुरीने फेदर स्टिक करता त्याच सुरीने बांबूची काडी तासायची. पिसाची नळी पूर्ण गोल नसते, म्हणून सुईही गोल करायची नाही, तीन कडा ठेवायच्या, म्हणजे पीस आत फिरत नाही. दोन्ही टोकं निमुळती. तासून झाली की ओठावर फिरवून बघायची, कुठेही टोचता कामा नये. माझ्या पहिल्या तीस सुया कचऱ्यात गेल्या.

रानशीळ:

हा धागा वर काढतोय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

पिसं गळण्याच्या काळात मी अकरा रात्री रानात काढल्या, सगळ्या एकट्याने. घरी बहीण त्याला खायला घालायची, त्याची तिच्याशी ओळख आहे. बर्फाच्या पाण्याचा प्रयोग पहिल्यांदा सपशेल फसला, सहाव्यांदा जमला. बांबूच्या सुया अजून जमत नाहीत, त्यातली एक बरी झालीय.

परवा तो पुन्हा राहिला. वारा अचानक वाढला, तो वाऱ्यासोबत खाली गेला आणि एका उंच सूचिपर्णी झाडात बसला. पोचलो तेव्हा अर्धा तास उजेड होता. या वेळी आधी झाड सोडून खालची जमीन बघितली. त्याच्या झाडापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला जागा धरली, म्हणजे धूर त्याच्याकडे जाणार नाही. डहाळ्यांचा थर घातला, टार्प बाजदाराच्या गाठीनेच ताणला, उभं वाळलेलं लाकूड फोडून ढीग केला. फेरो रॉड चौथ्या ओढीला धरला. विस्तव लहानच ठेवला. रात्री दोनदा उठून त्याच्या झाडाखाली गेलो आणि घुंगरू ऐकून परत आलो. पहाटे विस्तव पाणी ओतून पार विझवला, राखेत हात घालून बघितलं, मग दोन्ही हात काखेत धरून त्याच्या झाडाखाली उभा राहिलो.

कावळे त्याच्याआधी जागे झाले. त्यांनी त्याला शोधलं आणि मला तो नेमका कुठल्या फांदीवर आहे ते कळलं. त्याने पिसं झाडली, खाली गोळी टाकली, ती माझ्या बुटापाशी पडली. शिट्टी काढली. पहिल्याच हाकेला आला.

जेस पहिल्या प्रयत्नात भोकातून गेला. घरी येऊन वजन केलं, ५९१ ग्रॅम. थंडीच्या रात्रीत एवढं उतरतं, त्यामुळे त्या दिवशी उडवलं नाही, पोटभर खायला घातलं.

घारी:

५९१ म्हणजे काठावर आहे. पुढचे तीन-चार दिवस वजन हळूहळू वर आणा, एकदम भरवू नका. शीट कशी आहे? हिरवट असेल तर कळवा.

रानशीळ:

शीट स्वच्छ आहे, पांढरी आणि मधे काळी. आज सकाळी ६०४.

सैलगाठ:

टार्प कोणत्या मापाचा होता?

रानशीळ:

तीन मीटर बाय तीन मीटर. एका कोपऱ्यावर जमिनीपर्यंत ओढला होता, वारा त्या बाजूने होता. घडी घालून जॅकेटच्या मागच्या खिशात मावतो, पक्ष्याच्या खाण्याच्या डब्याशेजारी. आता तो तिथेच असतो.